बरणीतला वायू आणि मे महिन्याचं ऊन



मुळा, गाजर, कोबी, हिरवी मिरची मिठाच्या पाण्यात घालून आंबवायची, असा विषय गटात निघाला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "बरणी घट्ट लावली होती, तिसऱ्या दिवशी उघडायला गेले तर फस्सकन पाणी अंगावर आलं." आणि दुसरी, "कृतीत लिहिलं होतं तेवढे दिवस ठेवलं, पण भाजीचा पार गाळ झाला." पहिली तक्रार वायूची आहे, दुसरी तापमानाची. आज या दोन्हींवर बोलू. मीठ-मसाल्याची चव ज्या-त्या घरची, त्यात मी पडत नाही.

शहरात काही हौशी लोक घरी बिअर करतात. त्यांचं सगळं लक्ष याच दोन गोष्टींवर असतं. भांड्यातला वायू बाहेर जावा पण बाहेरची हवा आत शिरू नये, म्हणून ते झाकणाला एक छोटी नळी लावतात. तिला एअरलॉक म्हणतात. आपण तिला पाण्याचं कुलूप म्हणू. आणि भांडं थंड राहावं म्हणून ते बरीच खटपट करतात. आपल्याला बिअर करायची नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली, पण परवान्याशिवाय दारू करणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली सगळ्या महाराष्ट्रातच गुन्हा आहे. त्यांची नळी उसनी घ्यायला मात्र कायद्याची काही हरकत नाही.

आधी वायू येतो कुठून ते बघू. भाजीच्या सालीवर, पानावर, आपल्या हातावर, हवेत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. दह्याच्या विरजणात असतात त्याच गोतावळ्यातले जिवाणू मुळ्याच्या सालीवरही असतात. भाजी मिठाच्या पाण्यात बुडाली की तिच्यातली साखर थोडी थोडी पाण्यात उतरते. हे जिवाणू ती साखर खातात आणि आंबटपणा तयार करतात. आंबटपणा वाढला की सडवणारे जीव तग धरत नाहीत, म्हणून भाजी टिकते. या कामात पहिल्या काही दिवसांत वायूही निघतो, कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीत असतो तोच.

किती निघतो, याचा अंदाज नसतो म्हणून घोटाळा होतो. एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम साखर यीस्टनं पूर्ण खाल्ली तर सव्वा लिटरच्या वर वायू तयार होतो. एका चमच्यातून एवढा! आपल्या भाजीच्या बरणीत यीस्टपेक्षा दह्याच्या जातीचे जिवाणू जास्त काम करतात, त्यामुळे वायू त्याच्या निम्म्याहून कमी निघतो. पण भाजीत साखर एक चमचा नसते, बरीच जास्त असते. आता हा वायू बरणीच्या वरच्या चार बोटं जागेत कोंडला, तर तो जाईल कुठं? झाकण पातळ असेल तर फुगतं. झाकण पक्कं आणि काच कमजोर असेल तर काच तडकते. काचेचे तुकडे भाजीत आणि लेकराच्या पायात. म्हणून पहिला नियम, आंबत असलेल्या बरणीचं झाकण पिळून लावायचं नाही.

मग उघडीच ठेवावी का? तेही नाही. हवेतल्या ऑक्सिजनवर बुरशी पोसते. मिठाच्या पाण्याच्या वर एक मिरची तरंगत राहिली, तर बुरशी आधी तिथंच धरते, पाण्याखाली बुडालेल्या भाजीला धरत नाही. तेव्हा वायूला बाहेर जायची वाट हवी आणि हवेला आत यायची वाट नको. ऐकायला उलटसुलट वाटतं, पण आपल्या आज्यांनी हे कधीच साधलं होतं. आंब्याच्या लोणच्यावर तेल ओततात, फोडी तेलात बुडाल्याच पाहिजेत असं म्हणतात, ते काय उगीच? तेलाचा थर हे पाण्याच्या कुलपासारखंच कुलूप आहे. खालून आलेला बुडबुडा तेलातून वर निघून जातो, वरची हवा खाली फोडीपर्यंत पोचत नाही. त्यावर दादरा बांधला की धूळ, माश्या, चिलटं बाहेर. लोणच्याच्या बरणीला नळी लागत नाही ती यामुळेच. मिठाच्या पाण्यातल्या भाजीवर मात्र आपण तेल घालत नाही आणि नुसता दादरा हवा अडवत नाही. तिथं नळी कामाची.

ही नळी घरी कशी करायची ते सांगते. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

रुंद तोंडाची काचेची किंवा खाण्याचं सामान ठेवायची जाड प्लास्टिकची बरणी घ्या, झाकण प्लास्टिकचं. दाभण तापवून झाकणाला मधोमध भोक पाडा. हार्डवेअरच्या दुकानात मिस्त्री लोक लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी मिळते. त्यातली बारीक नळी दीड-दोन हात आणा. कोरी आणा. दवाखान्यातली वापरलेली सलाइनची नळी आणू नका, फुकट मिळाली तरी. नळीचं एक टोक भोकातून बोटभर आत घाला. ते पाण्यात किंवा भाजीत बुडता कामा नये, वरच्या मोकळ्या जागेतच राहिलं पाहिजे. भोकाच्या कडेनं फट राहिली तर ती बुजवा. मधाच्या पोळ्याचं मेण चांगलं बसतं, पण टिनाच्या घरात मे महिन्यात ते नरम पडून सरकतं. तेव्हा उन्हाळ्यात घट्ट मळलेली कणीक लिंपावी आणि ती वाळून तडकली की रोज ओलं बोट फिरवावं.

नळीचं दुसरं टोक एका छोट्या बाटलीत सोडायचं. बाटलीत उकळून गार केलेलं मिठाचं पाणी. नळी त्यात एक-दोन बोटं बुडाली की बास. जास्त खोल बुडवली तर वायूला तेवढं पाणी ढकलून यावं लागतं आणि मग तो नळीऐवजी झाकणाच्या फटीतून निघून जातो. बाटलीला झाकण लावायचं नाही, वर कापडाचा तुकडा टाकायचा.

बाटलीत साधं पाणी का नाही, उकळलेलं मिठाचंच का? त्याला कारण आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी आणि पहाटे यांच्यात १५ अंशांचा फरक सहज पडतो. दिवसा बरणीतला वायू तापून फुगतो, रात्री गार होऊन आकसतो. आकसला की तो नळीतून बाटलीतलं पाणी ओढून घेतो. सकाळी बघावं तर बाटली अर्धी रिकामी आणि ते पाणी बरणीत! ते घाण असेल तर सगळी बरणी वाया गेली. स्वच्छ मिठाचं असेल तर काही बिघडत नाही, बाटली पुन्हा भरायची.

आणि हो, बुडबुड्यांवर फार भरवसा ठेवू नका. बाटलीत बुडबुडे येतात म्हणजे आंबतंच आहे असं नाही. दुपारच्या उन्हानं वायू फुगला तरी बुडबुडे येतात. बुडबुडे येत नाहीत म्हणजे काम बंद पडलं असंही नाही, कदाचित वायू झाकणाच्या फटीतून जात असेल. बिअर करणारेही यात फसतात. बुडबुडा पाहून आपल्याला एवढंच कळतं की नळी मोकळी आहे. आत काय चाललंय ते पाण्याच्या रंगावरून, वासावरून आणि चवीवरून कळतं. मिठाचं पाणी दोन-तीन दिवसांत थोडं गढूळ होतं, वास आंबूस येतो, चव आधी खारट असते ती हळूहळू आंबट होत जाते.

नळी जमत नसेल तर साधा उपाय. झाकण अलगद ठेवा, एक आटा सैल, आणि पहिले पाच-सहा दिवस सकाळ-संध्याकाळ उघडून वायू जाऊ द्या. दोन बरण्या असतील तर एवढं पुरे. पण गटाच्या वीस बरण्या असतील तर रोज दोनदा कोण उघडणार? ज्या दिवशी गावात लग्न असेल त्या दिवशी कुणाच्याच लक्षात राहत नाही. नळीला तशी आठवण लागत नाही.

भाजी पाण्याखाली दाबून ठेवायला काहीतरी वजन लागतं. चिनीमातीची छोटी बशी किंवा काचेची वाटी सगळ्यात चांगली. काही जणी दगड ठेवतात. कोरपना, राजुरा, घुग्घुस या पट्ट्यातल्या बायांनी तो दगड आधी पारखून घ्यावा. तिकडे चुनखडीचा दगड पायापायाला आहे, म्हणून तर सिमेंटचे कारखाने आले. चुनखडी आंबट पाण्यात विरघळते आणि सगळा आंबटपणा खाऊन टाकते. मग भाजी टिकत नाही. दगडावर लिंबू पिळून बघा, फेस आला तर तो दगड नको. तसंच जर्मनचं भांडं, तांबं, पितळ यांतही आंबवायचं नाही, आंबट पाणी धातू खातं.

आता तापमान. यावर मला जास्त वेळ घालवायचा आहे, कारण पुस्तकातली आणि मोबाईलवरची बहुतेक कृती आपल्या जिल्ह्यांसाठी लिहिलेली नसते. कोबी तीन आठवडे ठेवा, असं जिथं लिहिलेलं असतं तिथं घरातलं तापमान १८ ते २२ अंश असतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांच्या यादीत चंद्रपूर-ब्रह्मपुरी दर उन्हाळ्यात असतात. आपल्या कडक उन्हाळ्यात त्या कृतीतले तीन आठवडे म्हणजे चार दिवस. म्हणून दिवस मोजू नका, खुणा बघा.

साधारण हिशेब असा. थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, घरात १८ ते २२ अंश असतात तेव्हा मुळा-गाजर दोन ते तीन आठवड्यांत हळूहळू आंबतं. चव सगळ्यात चांगली याच दिवसांत येते आणि फोड कुरकुरीत राहते. पावसाळ्यात २८ ते ३० अंशांत पाच ते सात दिवस लागतात. ३५ च्या वर गेलं की दोन-तीन दिवसांतच आंबट होतं, पण भाजी मऊ पडते, वर पांढरी साय धरते आणि नको ते जीव लवकर वाढतात. ४० च्या वर तर आपले चांगले जिवाणूच दमतात. बरणी गरम जागी ठेवली की लवकर होतं, हे खरं. पण लवकर झालेलं लवकर बिघडतंही.

गारवा कसा आणायचा? फ्रीज नसेल, असला तरी त्यात वीस बरण्या मावणार नाहीत. पण आपल्या घरात कूलर असतो ना? कूलर कसा गार करतो ते आठवा. ओल्या जाळीतून कोरडी हवा जाते, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. माठही तेच करतो. बरणीलाही तेच करा. मोठी परात किंवा घमेलं घ्या, त्यात चार बोटं पाणी, मधे बरणी. बरणीभोवती गोणपाट गुंडाळा, गोणपाटाचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं असू द्या म्हणजे ते पाणी आपोआप वर ओढत राहतं. हे सगळं सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा कोठीत कोंडून ठेवलं तर उपयोग नाही, हवा खेळली पाहिजे. बाहेर ४४ अंश आणि हवा कोरडी असेल तर ओल्या गोणपाटातली बरणी ३० च्या आसपास उतरते. परातीतल्या पाण्यामुळे मुंग्याही बरणीवर चढत नाहीत.

पावसाळ्यात हाच उपाय चालत नाही. जुलैमध्ये कूलर लावून बघितलाय ना? नुसता चिकचिकाट होतो. हवा आधीच ओली असते, पाणी उडत नाही, गारवा येत नाही. पण पावसाळ्यात हवाच ३० च्या खाली-वर असते, तेव्हा गोणपाटाची गरजही नसते. काढून टाका, नाहीतर त्यालाच बुरशी येईल.

जागेचाही मोठा फरक पडतो. कवेलूच्या घरात दुपारी बसवतं, टिनाच्या घरात बसवत नाही, हे सांगायला मी कशाला हवी. टिनाखालची फळी ही बरणीसाठी सगळ्यात वाईट जागा आणि नेमकी तीच आपण मोकळी म्हणून निवडतो. बरणी जमिनीवर ठेवा. सारवलेली जमीन फळीपेक्षा बरीच गार असते. चुलीची भिंत, फ्रीजची मागची बाजू, खिडकीतलं ऊन टाळा. ऊन थेट काचेवर पडलं तर आतलं तापमान बाहेरच्याहूनही वर जातं. बरण्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका.

तापमान मोजायचं कशानं? आशाताईकडचा ताप बघायचा थर्मामीटर इथं कामाचा नाही. आपल्याला हवेत २० ते ३० हे आकडे, ते त्यावर नसतातच. खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर एका गटाला एक पुरतो. तोही नसेल तर हाताची मागची बाजू बरणीला टेकवा. आपल्या हाताची कातडी साधारण ३२-३३ अंशांची असते. बरणी हाताला गार लागली तर ठीक. गार नाही, गरमही नाही, असं वाटलं तर ती तेहतिसाच्या आसपास आली, गोणपाट ओलं करा. गरम लागली तर लगेच जागा बदला.

उन्हाळ्यात दुसरा आधार मिठाचा. मीठ जास्त असलं की आंबण्याचा वेग कमी होतो आणि भाजी कुरकुरीत राहते. किलोभर भाजी आणि लिटरभर पाणी असं धरलं, तर थंडीत आणि पावसाळ्यात ६० ग्रॅम मीठ पुरतं, उन्हाळ्यात १०० ग्रॅम घाला. काटा नसेल तर मिठाची किलोची पुडी ओतून ढीग करा, निम्मा करा, त्याचा निम्मा, असं चार वेळा केलं की साधारण ६० ग्रॅमचा ढीग उरतो. याहून कमी मीठ घालून "आरोग्यासाठी" म्हणून विकायचा मोह टाळा. कमी मिठाची बरणी आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. मीठ कमी हवं असेल तर खाताना फोडी पाण्यातून काढून घ्याव्या. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी हे लोणचं तसंही बेतानंच खावं.

आणखी एक गोष्ट उन्हाळ्यात फार उपयोगी पडते. आधीच्या चांगल्या बरणीतलं अर्धी वाटी आंबट पाणी नव्या बरणीत घाला. नसेल तर दह्यावरची निवळ दोन चमचे. चांगल्या जिवाणूंना पुढं जायला मिळतं आणि नको ते मागे पडतात. आंबीलही याचंच उदाहरण आहे. ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात कालवून भर दुपारी ठेवलं तर उन्हाळ्यात कधी कुबट होतं, कधी चांगलं. तेच ताकात कालवून रात्री झोपताना माठाशेजारी ठेवलं तर सकाळी हमखास चांगलं आंबलेलं मिळतं. कुरडईच्या गव्हाचंही तसंच. तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, ही रीत. पण मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी बदललेलं बरं आणि गहू दाबल्यावर पांढरा चीक सहज निघाला की तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. कुरडईला नळीबिळी काही लागत नाही, तिथं पाणी बदलणं हेच सगळं काम आहे.

आता मोहाबद्दल. मोहफुलात साखर भरपूर. भाजी मिठात घातली की दह्याचे जिवाणू पुढं येतात, तसं गोड पाणी बिनमिठाचं ठेवलं की यीस्ट पुढं येतं आणि यीस्ट दारूच करतं. ती गावाबाहेर नाल्याकाठी सडव्याच्या ड्रममध्ये होते, तशीच आपल्या "मोहाच्या आरोग्यदायी सरबता"च्या बाटलीतही होऊ शकते. हेतू चांगला असला म्हणून यीस्ट थांबत नाही. मोहाचं किंवा पिकलेल्या फळांचं आंबवलेलं गोड पेय करून बाजारात न्यायचं कुणी सुचवलं, तर गटानं स्पष्ट नाही म्हणावं. त्यात दारूचा अंश येतो आणि गडचिरोलीत त्या बाटलीचं उत्तर गटाच्या अध्यक्ष-सचिवांना द्यावं लागेल. ज्या बायांनी गावातले सडवे नाल्यात ओतले, त्यांच्याच गटावर ही वेळ यावी? मोहाचे लाडू करा, भाजून पूड करा, पाक आटवून दाट करा. फुलं मात्र वेचल्या वेचल्या पसरून कडक वाळवा. मार्च-एप्रिलचा अवकाळी पाऊस लागला आणि ओली फुलं पोत्यात तशीच राहिली तर दोन दिवसांत पोतं गरम लागतं, आंबूस वास येतो. ती फुलं खाण्याच्या मालात मिसळू नका.

बरणी कधी फेकायची, हे बायका सगळ्यात जास्त विचारतात. पाण्यावर पातळ, पांढरी, सपाट साय दिसली तर घाबरू नका. ती काढून टाका, भाजी पाण्याखाली दाबा, बरणी गार जागी न्या. पण केसाळ, उभी वाढलेली, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं ठेवायचा हिशेब करू नका, बरणी ओतून द्या. भाजी बुळबुळीत झाली, पाणी तारेसारखं ओढलं जातंय, वास आंबट न येता सडका येतोय, तरीही ओतून द्या. शंका आली म्हणून चाखून बघायचं नाही. किलोभर मुळ्याचे पैसे जातील, पण एकाच बरणीनं दहा घरांतली माणसं आजारी पडली तर पुन्हा त्या गटाचं लोणचं कुणी घेणार नाही.

विकायचं असेल तर आंबटपणा मोजल्याशिवाय विकू नका. पीएच पट्टी म्हणून कागदाच्या पट्ट्या मिळतात, पाण्यात बुडवून रंग बघायचा. आकडा ४.६ च्या वर असेल तर घातक जंतू वाढू शकतात, आपण ४ च्या खाली उतरल्यावरच माल बाहेर काढायचा. अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी लागते, ती आधी करा. आणि वाहतुकीचं लक्षात ठेवा. घरी आंबणं थांबलं असं वाटतं, पण बरणी एस.टी.च्या टपावर किंवा जीपच्या मागे दोन तास तापली की पुन्हा वायू निघतो. सिरोंचा-अहेरीकडून गडचिरोलीपर्यंत यायचं म्हणजे अख्खा दिवस. म्हणून पॅक करण्याआधी आंबणं पूर्ण होऊ द्या, चार-पाच दिवस चवीत फरक पडत नाही असं दिसलं की मग भरा. बरणी गच्च भरू नका, दोन बोटं जागा ठेवा, ओल्या गोणपाटात गुंडाळून आत सावलीत न्या. बरणीवर तारीख लिहा आणि "गार जागी ठेवा, झाकण हळू उघडा" असंही लिहा.

शेवटी वास्त्यांचं. पावसाळ्यात जंगलात बांबूचे कोंब निघतात, त्या वास्त्यांची भाजी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ते आंबवून ठेवता येतात. ईशान्येकडच्या राज्यांत तर हा घराघरातला पदार्थ आहे. मणिपूरमध्ये त्याला सोइबम म्हणतात. सिक्कीममध्ये मेसू करतात आणि त्यांचं कुलूप बघण्यासारखं आहे. वास्ते चिरून हिरव्या बांबूच्याच पोकळ नळकांड्यात ठासून भरतात आणि तोंड बांबूच्या पानांनी घट्ट बंद करतात, आठवडा-दोन आठवड्यांत तयार. अरुणाचलमध्ये ओढ्याजवळ खड्डा खणून, पानं अंथरलेल्या टोपलीत भरून वर मोठे दगड ठेवतात. जमिनीच्या पोटात, ओढ्याच्या काठी, म्हणजे गारवा आणि कुलूप दोन्ही एकाच जागी.

आपण बरणी आणि नळी वापरू. पावसाळ्यात तापमान आपोआप जुळतं, तेव्हा तिकडची काळजी नाही. काळजी दुसरी आहे. कच्च्या वास्त्यांत विषारी द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कडवटपणा येतो तो त्या द्रव्याचाच. वास्ते सोलून पातळ चिरा, रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी फेका, मग मिठाच्या पाण्यात भरा. आंबवल्यानं विष बरंच कमी होतं, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. खायच्या आधी ते मोठ्या गंजात भरपूर पाण्यात अर्धा तास उकळा आणि ते पाणीही फेका. उकळताना गंजावर झाकण ठेवायचं नाही, कारण विषाचा वायू वाफेबरोबर बाहेर जाऊ द्यायचा असतो. स्वयंपाकघराचं दार-खिडकी उघडी ठेवा. मगच फोडणीला टाका. लहान लेकरांना कच्चे वास्ते चघळायला देऊ नका.

वास्ते किती काढायचे, हे ग्रामसभेत ठरवा. एक कोंब काढला म्हणजे एक बांबू कमी झाला. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार. त्यानंतर बांबू हा कित्येक गावांचा पैसा झालाय. तो कोंबातच खाऊन टाकला तर पुढं तोडणार काय? ताडोबाच्या राखीव हद्दीत तर शिरूच नका.

आणि वास्त्यांच्या बरणीतलं पाणी मुळ्याच्या पाण्यासारखं प्यायचं नाही, दुसऱ्या भाजीला विरजण म्हणूनही घालायचं नाही. पुढच्या वास्त्यांच्या बरणीसाठी वाटीभर बाजूला ठेवा, बाकीचं ओतून द्या.